शुश्रूषा सांधेदुखीची : ‘आता बसून राहा’ म्हणण्याआधी



मध्यमवर्गीय मराठी घरात एक वाक्य अत्यंत प्रेमाने उच्चारले जाते. साठी उलटलेल्या आईचे गुडघे दुखू लागलेले असतात. भिंतीचा आधार घेतल्याशिवाय तिला जमिनीवरून उठता येत नाही. जिना उतरताना ती कठडा घट्ट धरते. देवासमोर पाटावर बसली, की पूजेपेक्षा नंतर उठायचे कसे याचीच चिंता तिला अधिक असते. हे पाहून मुलगा म्हणतो, ‘‘आई, आयुष्यभर खूप केलेस, आता तू बसून राहा.’’ सून तिच्या हातातली विळी काढून घेते. नातू पाण्याचा पेला जागेवर आणून देतो. सर्वांचा हेतू निर्मळ असतो. मात्र सहा-आठ महिन्यांनी असे दिसते, की जी माउली कोपऱ्यावरच्या भाजीवाल्यापर्यंत जात होती, ती आता न्हाणीघरापर्यंतही कोणाच्या तरी खांद्यावर हात ठेवून जाते. औषध चालू असते, तेल चालू असते, सेवाही चालू असते. आणि पायांतले बळ मात्र दिवसेंदिवस ओसरत असते.

सेवेत काही उणे नसताना असे का घडते, आणि ही सेवा कशी केली असता फळास येईल, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

वाढत्या वयाबरोबर येणारा हा अस्थिसंधिवात, ज्याला डॉक्टर ऑस्टिओआर्थ्रायटिस म्हणतात, तो घरोघरीचा विकार आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार २०१९ मध्ये जगभरातील सुमारे ५२ कोटी ८० लाख लोकांना तो होता. त्यांपैकी साधारण ६० टक्के स्त्रिया होत्या आणि जवळजवळ तीन चतुर्थांश लोकांचे वय ५५ च्या पुढे होते. सर्वाधिक भार पडला होता तो गुडघ्यावर. एवढ्या रुग्णांची काळजी कोणतेही रुग्णालय घेऊ शकत नाही आणि तशी आवश्यकताही नसते. या विकाराचे खरे रुग्णालय म्हणजे घर, आणि खरा परिचारक म्हणजे घरातला माणूस.

चिकित्सेचे चार पाय

आपल्या वैद्यकपरंपरेने या परिचारकाला फार मोठे स्थान दिलेले आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील नवव्या अध्यायात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषधी द्रव्य, परिचारक आणि स्वतः रोगी. परिचारकाच्या अंगी चार गुण असावेत, असेही तेथे म्हटले आहे : उपचारज्ञता, म्हणजे काय करायचे याचे ज्ञान, दाक्ष्य, म्हणजे ते करण्याचे कौशल्य, अनुराग, म्हणजे रोग्याविषयी जिव्हाळा, आणि शौच, म्हणजे शुचिता. रोग्याचेही चार गुण सांगितले आहेत : स्मृती, सांगितलेले आचरण्याची वृत्ती, निर्भयता, आणि आपल्याला काय होते आहे ते सांगता येणे.

आपल्या घरांत चारांपैकी अनुराग विपुल आहे. उणीव असते ती उपचारज्ञतेची आणि दाक्ष्याची. आणि ज्ञानावाचूनचा जिव्हाळा या विकारात रोग्याला खुर्चीला खिळवून टाकतो.

उपचारज्ञता : सांध्याच्या आत काय घडते?

सांध्यात एकमेकांना भिडणाऱ्या हाडांच्या टोकांवर कूर्चेचे गुळगुळीत आवरण असते. या कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. मग तिचे पोषण कसे होते? सांध्यातल्या वंगणासारख्या द्रवातून. पाऊल टेकले, की कूर्चा दाबली जाऊन तिच्यातला द्रव बाहेर येतो. पाऊल उचलले, की ती पुन्हा फुगते आणि ताजा द्रव शोषून घेते. म्हणजे हालचाल हेच सांध्याचे अन्न आहे. दिवसभर बसवून ठेवलेला सांधा हा उपाशी ठेवलेला सांधा असतो.

दुसरी गोष्ट मांडीच्या पुढच्या स्नायूंची. गुडघ्याचा भार हे स्नायू पेलतात. वेदना होते म्हणून पाय वापरला जात नाही, वापरला नाही म्हणून स्नायू रोडावतात, स्नायू रोडावले म्हणून सगळा भार सांध्यावर येतो, आणि वेदना वाढते. हे चक्र नेमके कोठे तोडायचे, हे ज्याला कळले त्याला शुश्रूषा कळली.

कूर्चा झिजते हे खरे. पण हा केवळ झिजेचा विकार नाही. कूर्चेखालचे हाड, सांध्याचे अस्तर, भोवतीचे स्नायुबंध हे सर्व त्यात सापडतात. कूर्चेला वेदनेचे ज्ञानतंतू नसल्यामुळे दुखते ते या इतर भागांमुळे. म्हणूनच क्ष-किरण चित्रात सांधा बराच झिजलेला दिसूनही एखादी व्यक्ती बऱ्यापैकी चालते, तर दुसऱ्या एखाद्या व्यक्तीचे चित्र त्या मानाने चांगले असूनही ती व्याकूळ झालेली असते. उपचार माणसावर करायचा असतो, चित्रावर नव्हे. ‘हाडावर हाड घासते आहे’ हे वाक्य घरात वारंवार उच्चारल्याने वेदना कमी होत नाही. भीती मात्र वाढते. चरकांनी रोग्याच्या ठायी निर्भयता मागितली आहे, आणि ती टिकवणे हे परिचारकाचे काम आहे.

याच ज्ञानाचा एक भाग म्हणजे हा विकार आणि दुसरे विकार यांतला फरक ओळखणे. अस्थिसंधिवातात सकाळी सांधे आखडतात. पण हा ताठरपणा साधारण अर्ध्या तासाच्या आत सैल होतो. दोन्ही हातांच्या बोटांचे लहान सांधे सुजत असतील आणि ताठरपणा तासाहून अधिक टिकत असेल, तर तो वेगळ्या जातीचा संधिवात असू शकतो आणि त्यावरचे उपचारही वेगळे असतात. एखादा सांधा अचानक लाल व गरम झाला आणि सोबत ताप आला, तर ‘जुनेच दुखणे आहे’ असे म्हणून घरी थांबू नये. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

दाक्ष्य : दिवसाची आखणी

चांगली शुश्रूषा दिवसाच्या आखणीतून दिसते. रात्रीच्या विश्रांतीने आखडलेले सांधे सकाळी थोड्या शेकाने सैल होतात. गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटे शेक द्यावा आणि लगेच व्यायामाकडे वळावे. सांधा सुजलेला व ऊन लागत असेल, तर शेकाऐवजी कापडात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटे ठेवावा. मधुमेहाच्या ज्या रुग्णांच्या पायांना स्पर्श नीट कळत नाही, त्यांच्या बाबतीत पिशवीची ऊब परिचारकाने आधी आपल्या हातावर पाहावी. भाजल्याचे त्यांना कळत नाही.

व्यायाम साधे आहेत. पलंगावर पाय सरळ ठेवून गुडघ्याखाली टॉवेलाची लहान गुंडाळी घ्यावी, ती गुडघ्याने खाली दाबावी, पाच अंक मोजावेत, सोडावे. असे दहा वेळा. मग एक पाय दुमडून दुसरा सरळ पाय वीतभर उचलावा, पाच अंक धरावा, सावकाश खाली आणावा. पुढे दणकट खुर्चीवरून उठणे आणि बसणे, हाही उत्तम व्यायाम आहे. चालणे एका दमात अर्धा तास न जमल्यास दिवसातून तीनदा दहा-दहा मिनिटे चालावे. पहिल्या आठवड्यात फिजिओथेरपिस्टने एकदा पद्धत दाखवून दिली, तर पुढे घरच्यांना ती सांभाळता येते.

व्यायामाने थोडे दुखणारच. किती दुखले तर चालेल, याचा एक सोपा दंडक आहे. व्यायामानंतर वाढलेली वेदना दोन तासांत मूळपदावर आली, तर मात्रा योग्य. त्याहून अधिक टिकली, तर दुसऱ्या दिवशी मात्रा कमी करावी. बंद मात्र करू नये. २०२२ मध्ये ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने दिलेल्या मार्गदर्शक सूचनांतही रुग्णाच्या गरजेनुसार आखलेला व्यायाम आणि वजनावर ताबा हाच उपचाराचा गाभा मानला आहे, आणि औषधांचे स्थान त्याला पूरक असे ठेवले आहे.

दाक्ष्याची कसोटी लहान गोष्टींत लागते. रात्री झोपताना आईच्या गुडघ्याखाली उशी सरकवली जाते. त्याने तेवढ्यापुरता आराम वाटतो. परंतु रोज रात्रभर गुडघा वाकलेला राहिला, की काही काळाने तो पूर्ण सरळ होईनासा होतो, आणि वाकलेल्या गुडघ्याने चालणे अधिक कष्टाचे असते. ती उशी काढून घेणे ही निष्ठुरता नाही. कुशीवर झोपायचे असेल तर दोन गुडघ्यांच्या मध्ये मऊ उशी ठेवता येते.

काठीचेही तसेच आहे. पुष्कळ जण काठी दुखऱ्या पायाच्या बाजूने धरतात. ती विरुद्ध बाजूच्या हातात धरावी आणि दुखऱ्या पायाबरोबरच पुढे टाकावी. तेव्हाच सांध्यावरचा भार हलका होतो. सरळ उभे राहिले असता काठीची मूठ मनगटाच्या रेषेत यावी आणि ती धरल्यावर कोपर किंचित वाकलेले असावे. खालचे रबरी टोपण झिजले की लगेच बदलावे. जिना चढताना आधी चांगला पाय वर टाकावा; उतरताना आधी काठी आणि दुखरा पाय खाली टाकावा. या दोन वाक्यांचा कागद जिन्याशी चिकटवला, तरी अनेक पडझडी टळतील.

तेलाच्या मालिशीवर आपल्या समाजाची श्रद्धा आहे. हलक्या हाताने केलेल्या मालिशीने आखडलेले स्नायू सैल होतात, आणि आपुलकीचा स्पर्शही मिळतो. मात्र मालिशीने झिजलेली कूर्चा भरून येत नाही. सुजलेल्या, तापलेल्या सांध्यावर जोर लावून चोळणे तर सर्वथा टाळावे. मालिश झाली म्हणून व्यायाम राहिला, असेही होऊ देऊ नये.

घराची फेररचना

आपली जुनी घरे जमिनीलगतच्या जगण्यासाठी बांधलेली होती. पाटावर जेवण, पाटावर पूजा, उकिडवे बसून भांडी, आणि शौचालयही उकिडवे बसण्याचे. निरोगी गुडघ्याला ही बैठक उत्तम. मात्र दुखऱ्या गुडघ्याला तीच असह्य होते. म्हणून घर थोडे वर उचलावे लागते. खुर्चीची बैठक गुडघ्यांच्या उंचीची, तिला हात असलेले, पलंग फार खाली नसलेला, न्हाणीघरात रबरी पायांचे स्टूल, भिंतीला पक्का लोखंडी दांडा, पायांखाली न सरकणारी चटई, रात्री मंद दिवा. शौचालयात कमोड बसवणे शक्य नसेल, तर बाजारात मिळणारी कमोडची खुर्ची भारतीय बैठकीवर ठेवता येते. या साऱ्याचा खर्च पडून मोडलेल्या खुब्याच्या शस्त्रक्रियेपेक्षा कितीतरी कमी असतो.

शौचालयाशी निगडित एक गोष्ट सहसा बोलली जात नाही. बसता-उठताना होणाऱ्या त्रासाच्या भीतीने अनेक वयस्क स्त्रिया दिवसभर पाणीच कमी पितात. त्यातून बद्धकोष्ठ होते, लघवीला जळजळ होते; आणि वेदनाशामक गोळ्या चालू असतील, तर मूत्रपिंडांवर दुहेरी ताण येतो. संकोचामुळे ती हे कोणाला सांगत नाही. पाण्याचा तांब्या सायंकाळी किती रिकामा झाला, हे पाहणाऱ्या सुनेला किंवा लेकाला ते न सांगता कळते. चरकांनी सांगितलेल्या शौचगुणाचा हाही एक अर्थ आहे. ज्या रुग्णाला वाकता येत नाही, त्याची पायांची बोटे, नखे, टाचांच्या भेगा यांकडे पाहणे हे परिचारकाचेच काम होय.

औषधांचा विवेक

वेदनाशामक गोळी हे उपयोगी साधन आहे; पण ते जपून वापरण्याचे साधन आहे. या वर्गातील अनेक गोळ्या पोटात व्रण करू शकतात, रक्तदाब वाढवू शकतात, मूत्रपिंडांना अपाय करू शकतात. रोफेकॉक्सिब नावाची एक अत्यंत लोकप्रिय गोळी हृदयविकाराचा धोका वाढवते असे दिसून आल्यामुळे सप्टेंबर २००४ मध्ये तिच्या उत्पादकांनाच ती जगभरातून मागे घ्यावी लागली. तेव्हा शेजारणीला लागू पडलेली गोळी दुकानातून आणून देणे ही सेवा नव्हे. गुडघ्याच्या बाबतीत वेदनाशामक मलम आधी वापरून पाहावे, गोळी लागलीच तर डॉक्टरांच्या सल्ल्याने, कमीत कमी मात्रेत आणि थोडे दिवस घ्यावी. काळी डांबरासारखी शौचास झाली, पायांवर सूज आली, लघवी कमी झाली, तर गोळी थांबवून तत्काळ डॉक्टरांना गाठावे. रक्त पातळ करणारे औषध चालू असल्यास तसे डॉक्टरांना आठवणीने सांगावे.

सांध्यांच्या नावाने विकल्या जाणाऱ्या महागड्या पूरक गोळ्यांचेही सत्य जाणून घ्यावे. ग्लुकोसामाइन व कॉन्ड्रॉइटिन यांची परीक्षा अमेरिकेत १,५८३ रुग्णांवर झाली. तिचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले : सर्व रुग्णांचा एकत्रित विचार करता या गोळ्या नकली गोळीहून लक्षणीयरीत्या सरस ठरल्या नाहीत. आणि ज्या बिननावाच्या पुड्यांनी दोन दिवसांत जादूसारखा गुण येतो, त्यांच्यात स्टिरॉइड मिसळलेले असण्याची शंका जरूर घ्यावी. योग्य शिक्षण घेतलेल्या वैद्याचे औषध वेगळे आणि जत्रेतली पुडी वेगळी, हा भेद न केल्याने आयुर्वेदाचीच अप्रतिष्ठा होते.

एक औषध मात्र निःसंशय गुणकारी आणि बिनपैशाचे आहे. ते म्हणजे वजन उतरवणे. गुडघेदुखी असलेल्या स्थूल व्यक्तींवरील २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात असे आढळले, की शरीराचे वजन एक किलोने कमी झाले, तर चालताना प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो. दिवसातली काही हजार पावले लक्षात घेतली, की हा हिशेब केवढा मोठा होतो ते कळेल. आईसाठी वेगळे पथ्याचे ताट वाढण्यापेक्षा घरातले तेल, साखर आणि उपवासाच्या नावाखाली होणारे तळण सर्वांनीच कमी केले, तर तिला एकटीला शिक्षा झाल्यासारखे वाटत नाही.

अनुराग : काम काढून घेऊ नये, बदलून द्यावे

आता जिव्हाळ्याविषयी. ज्या स्त्रीने चाळीस वर्षे घर चालवले, तिच्या हातून सारे काम काढून घेणे म्हणजे घरातले तिचे स्थानच काढून घेण्यासारखे असते. दुखऱ्या पायाच्या जोडीला ‘आपण आता भार झालो’ ही भावना आली, की झोप जाते, भूक मंदावते आणि तीच वेदना दुप्पट वाटू लागते. म्हणून काम बंद करण्याऐवजी कामाची रीत बदलावी. विळीऐवजी टेबलावर सुरी, ओट्याशी उंच स्टूल, भाजी निवडणे खुर्चीवर बसून. पण दर अर्ध्या तासाने उठून स्वयंपाकघरात एक फेरी मारलीच पाहिजे. तुळशीला पाणी तिनेच घालावे. कोपऱ्यापर्यंत दूध आणायला तिनेच जावे, हवे तर नातवाने सोबत करावी.

देवपूजेचा प्रश्न अनेकींच्या मनाला सलतो. खुर्चीवर बसून पूजा केली तर देवाचा अवमान होईल, असे त्यांना वाटते, आणि त्या एक तर वेदना सोसतात किंवा पूजाच सोडतात. देव्हारा दोन हात वर भिंतीवर घेतला, की प्रश्न मिटतो. भगवंताला भाव हवा असतो. गुडघ्याची घडी नव्हे. भजनी मंडळात चार खुर्च्या मांडल्या, तर चार जणींचे घराबाहेर पडणे चालू राहील. मंडळांच्या आणि मंदिरांच्या कार्यकर्त्यांनी एवढे तरी मनावर घ्यावे.

अनुरागाचे सर्वात अवघड अंग म्हणजे ऐकणे. ‘शुश्रूषा’ या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थच ‘ऐकण्याची इच्छा’ असा आहे. सेवा हा अर्थ त्यातून आला. आपल्या आया वेदना सांगत नाहीत. ‘बरे आहे ना?’ असे विचारले, की ‘बरेच आहे’ हे उत्तर ठरलेले असते. आधुनिक परिचर्येच्या जनक फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी ‘नोट्स ऑन नर्सिंग’ या १८५९ च्या पुस्तकात अशा मोघम प्रश्नांवर कडक टीका केली आहे आणि नेमके विचारावे, असा आग्रह धरला आहे. रात्री किती वेळा जाग आली? जिना किती पायऱ्यांनंतर थांबून चढावा लागला? काल नळापर्यंत जाता आले, आज आले का? अशी उत्तरे एका वहीत आठवड्यातून दोनदा लिहिली, तर डॉक्टरांच्या पाच मिनिटांच्या भेटीत ती वही अनेक तपासण्यांहून मोलाची ठरते.

शस्त्रक्रिया ही निम्मीच गोष्ट

काही रुग्णांच्या बाबतीत हे सर्व करूनही वेदना रात्रीची झोप उडवते आणि चालणे घरापुरतेही उरत नाही. तेव्हा सांधारोपणाचा विचार करावा लागतो. हा शब्द आपल्या घराघरांत पोहोचला तो तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्यामुळे. मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात ऑक्टोबर २००० मध्ये त्यांच्या डाव्या आणि जून २००१ मध्ये उजव्या गुडघ्यावर डॉ. चित्तरंजन राणावत यांनी शस्त्रक्रिया केली. दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर दीड महिन्याच्या आतच, जुलै २००१ मध्ये, अटलजी आग्रा येथे पाकिस्तानशी झालेल्या शिखर परिषदेला उपस्थित होते. शस्त्रक्रियेचे वय उलटले, असे म्हणणाऱ्यांनी त्या वेळी त्यांनी पंचाहत्तरी ओलांडली होती हे ध्यानात घ्यावे.

पुढे ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारच्या औषध किंमत नियंत्रण प्राधिकरणाने कृत्रिम गुडघ्याच्या कमाल किमती ठरवून दिल्या आणि सामान्य कुटुंबांना मोठा दिलासा मिळाला. हे सांधे टिकतातही. २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार पूर्ण गुडघारोपणांपैकी सुमारे ८२ टक्के २५ वर्षे टिकतात.

परंतु शल्यविशारद सांधा बसवतो. पाय चालता करतो तो रुग्ण आणि त्याचा परिचारक. शस्त्रक्रियेच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी रुग्णाला उभे केले जाते, तेव्हा ‘इतक्यात नको’ म्हणून आड येणारे नातलग त्याचे नुकसान करतात. गुडघा पूर्ण सरळ करणे हे पहिल्या आठवड्यांतले मुख्य ध्येय असते. तेव्हा येथेही गुडघ्याखाली उशी नकोच. घोटे वरचेवर हलवत राहावेत, म्हणजे पायांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका कमी होतो. पोटरी सुजून दुखू लागली किंवा श्वास लागला, तर क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे. पोटरी चोळत बसू नये. जखमेतून स्राव येणे, लाली पसरणे, ताप येणे यांची खबर त्याच दिवशी डॉक्टरांना द्यावी. जखमेला हात लावण्याआधी साबणाने हात धुणे, हा शौचगुणाचा सर्वात साधा आणि सर्वात महत्त्वाचा आविष्कार आहे.

परिचारकाची काळजी कोणी घ्यायची?

शेवटी एक अप्रिय प्रश्न. ही सारी शुश्रूषा घरात कोण करते? बहुतेक वेळा सून किंवा लेक. तीही चाळिशी-पन्नाशीची, तिचीही कंबर धरू लागलेली. सासूबाईंना बगलेत हात घालून ती उचलते, आणि दहा वर्षांनी तिच्याच सांध्यांना तोच आजार जडतो. खरे तर उचलण्याची गरजच नसते. रुग्णाने खुर्चीच्या कडेपर्यंत पुढे सरकावे, पावले मागे घ्यावीत, नाक पायांच्या अंगठ्यांच्या रेषेत येईल इतके पुढे झुकावे आणि खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठावे. परिचारकाने शेजारी उभे राहून केवळ पाठीला व कमरेला आधार द्यावा, आणि वाकताना आपली पाठ नव्हे तर गुडघे वाकवावेत. एवढे कौशल्य दोघींचेही शरीर वाचवते.

मातृदेवो भव हा संस्कार मुलाच्या कानी पडलेला असतो. सेवेच्या वेळी मात्र तो सुनेने आचरावा, अशी अपेक्षा असते. हे न्याय्य नव्हे. सकाळचा व्यायाम मुलाने करून घ्यावा, संध्याकाळची फेरी नातवाने मारून आणावी, औषधांचा हिशेब नातीने ठेवावा, आणि आठवड्यातून एक दिवस सुनेला पूर्ण मोकळा मिळावा. एकत्र कुटुंबपद्धतीची थोरवी आपण व्यासपीठांवरून सांगतो. तिची परीक्षा अशा घरगुती वेळापत्रकात होते. जेथे मुले परगावी किंवा परदेशी आहेत, तेथे वस्तीतील कार्यकर्त्यांना पुष्कळ करण्यासारखे आहे. आठवड्यातून तीनदा मंदिराच्या सभामंडपात दहा-बारा ज्येष्ठांना खुर्च्यांवर बसवून फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली व्यायाम घेता येतो. त्यासाठी निधी लागत नाही, फलक लागत नाही. लागतात त्या बारा खुर्च्या आणि वेळेवर येणारा एक माणूस.

झिजलेली कूर्चा पूर्ववत करणारे औषध आजही वैद्यकाच्या हाती नाही. पण झिजलेल्या सांध्यांवरही माणूस वर्षानुवर्षे स्वतःच्या पायांनी देवळात, बाजारात आणि लेकीच्या घरी जाऊ शकतो. त्याच्यासाठी धावणारे हात घरात आहेतच. त्याच्या पावलाशी पाऊल जुळवून, सावकाश, त्याच्या गतीने चालणारी माणसे हवी आहेत.